दाराच्या डाव्या हाताची भिंत

काकांचे सगळे मोजे एकाच रंगाचे होते. करडे. सरोजिनी नगरच्या बाजारातून त्यांनी एकदा भला मोठा गठ्ठा आणला होता आणि तो संपेपर्यंत मोजे ह्या विषयाचा पुन्हा विचार करायचा नाही, असं ठरवून टाकलं होतं. सकाळी खणात हात घालायचा, हाताला लागतील ते दोन चढवायचे. जोडी शोधण्यात माणसाचं किती आयुष्य फुकट जातं, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी तेव्हा दोन बॅगा आणि एक उशी घेऊन त्यांच्या दारात उभी होते आणि आत या म्हणायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पुण्याहून गुडगावच्या नोकरीसाठी आले तेव्हा द्वारकेतल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली. काका मिनिस्ट्रीतून निवृत्त झालेले. नोकरीची सगळी वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेली. त्यामुळे त्यांचं मराठी असं की वाक्य पुण्यात सुरू व्हायचं आणि करोल बागेत संपायचं. मुलं परदेशात. घरात ते, काकू आणि मी.

एकच काम पुन्हा पुन्हा हाताने करणं ह्याचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. "तिसऱ्यांदा तेच काम हाताने करणारा माणूस पुजारी तरी असतो नाहीतर गाढव," असं ते म्हणायचे. मिनिस्ट्रीत असताना त्यांनी इतके रबरी शिक्के करवून घेतले होते की त्यांच्या टेबलावर पेन दिसायचं नाही. 'कृपया बोलावे', म्हणजे फाईल घेऊन समोर या आणि बोला, असाही एक शिक्का होता. तो त्यांनी निवृत्त होताना घरी आणला आणि कधीकधी भाजीच्या पिशवीवर मारून काकूंपुढे ठेवायचे. चहा, साखर, सुंठ, वेलची सगळं प्रमाणात मिसळून एका बरणीत भरलेलं असे, म्हणजे सकाळी एकच चमचा. काकू म्हणायच्या, "यांनी संसारसुद्धा एकदाच भरून ठेवलाय बरणीत. मी आपली रोज चमचा बुडवते."

ह्या स्वभावाचे चटकेही बसायचे. एका वर्षी त्यांनी फोनवर अशी व्यवस्था करून ठेवली की कुणाच्याही मेसेजमध्ये दिवाळी हा शब्द दिसला की आपोआप उत्तर जावं, 'आपणांसही मनःपूर्वक शुभेच्छा.' त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं की ऐन दिवाळीत घरी चोरी झाली, कपाट फोडलं. त्यालाही शुभेच्छा गेल्या. तो माणूस वर्षभर बोलला नाही. काका म्हणाले, बिल्कुल बरोबर आहे त्याचं, पण चूक शब्दाची आहे, पद्धतीची नाही.

पण त्यांचं खरं प्रेम होतं फोटोंवर. फोटो काढण्यावर नव्हे, काढल्यानंतरच्या कामावर. महाराष्ट्र मंडळाचा गणपती असो, कुणाची मुंज असो, काका कॅमेरा घेऊन हजर असत आणि ढिगाने फोटो काढून आणत. मग कॉम्प्युटरवर त्यातला एकच फोटो उघडायचा. त्याच्याशी मात्र तासन्‌तास बसायचं. तिरकेपणा काढायचा, उजेड वाढवायचा, ट्यूबलाइटचा हिरवा रंग घालवायचा, कडा छाटायच्या. हे सगळं करत असताना कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं की मी काय काय करतोय ते नीट लक्षात ठेव. मग एक बटण दाबलं की तेच संस्कार बाकीच्या सगळ्या फोटोंवर आपोआप होत. काका ह्या प्रकाराला 'आंघोळ' म्हणत. "एका बाळाला न्हाऊमाखू घालायचं, की बाकीची पोरं रांगेत उभी राहून न्हातात," असं त्यांनी मला समजावलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे काम कसं चालतं ते मला ठाऊक होतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकताना ते मला नव्याने कळलं, हे मान्य करायला हवं.

बटण दाबल्यावर ते खुर्ची बाल्कनीत नेत. थंडीचं ऊन अंगावर घेत, शेंगा सोलत बसत. आत स्क्रीनवर फोटो आपापले उघडत, उजळत, मिटत. वरून विमानं जात. काका अधूनमधून मागे वळून बघत आणि समाधानाने मान हलवत. ऑफिसात आम्ही मशीनने काम केलं की वाचलेल्या वेळात दुसरं काम करतो. वाचलेला वेळ शेंगा खाण्यासाठी असतो, हे मी काकांकडून शिकले.

त्यांच्या दोन अटी असत. मूळ फोटोला हात लावायचा नाही, आंघोळ फक्त कॉपीला. आणि मूळ फोटो ज्या हार्ड डिस्कवर असतील ती तांदळाच्या डब्यात खोचून ठेवायची, कारण तांदूळ दमटपणा शोषतो. काकूंना हे मुळीच आवडत नसे.

घरात एक काम मात्र ते दर रविवारी हाताने करत, आणि त्यात काही विसंगत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाहेरच्या दाराशी, डाव्या बाजूला, भिंतीवर एक मळकट डाग पडायचा. काका ओला स्पंज घेऊन तो पुसत. पुसताना बिल्डरला शिव्या देत. सरकारी क्वार्टरमध्येही दाराशी असाच डाग यायचा, ते चुन्याचं पोतेरं होतं म्हणून समजू शकतो, पण इथे चांगल्या कंपनीचा महागडा रंग दिलाय, यार. पुढच्या रविवारी डाग परत हजर.

आता त्या क्वार्टरविषयी सांगायला हवं. सरोजिनी नगरमधला त्यांचा जुना ब्लॉक पाडायचं ठरलं तेव्हा काका निवृत्त होऊन द्वारकेला यायच्या बेतात होते. तिथे सगळ्या प्रांतांतली माणसं होती. आता कुणी नोएडाला, कुणी फरीदाबादला, कुणी थेट आपल्या गावी जाणार होतं. काकांनी जाहीर केलं की ब्लॉकमधल्या प्रत्येक दाराचा फोटो मी काढणार आणि प्रत्येकाला त्याचं दार देणार. "जसं होतं तसं," असा शब्द त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना दिला. दारापासून कॅमेरा किती लांब ठेवायचा ह्यासाठी त्यांनी काकूंच्या परकराची नाडी घेतली होती. एक टोक उंबऱ्यावर, दुसरं कॅमेऱ्याच्या तिपाईला. सगळी दारं एकाच मापाची, सगळे फोटो एकाच अंतरावरून.

असं करण्यामागे अर्थातच आंघोळीचा विचार होता. जिन्यात जागा कमी, त्यामुळे चौकटी कडेला वाकलेल्या यायच्या. बल्बचा पिवळा रंग सगळ्या फोटोंत सारखा. आणि पाडकामवाल्यांनी प्रत्येक दाराच्या डाव्या हाताला, एकाच उंचीवर, लाल रंगात नंबर फासला होता. तो काकांच्या फार डोक्यात गेला होता. हे आमचं घर नाही, हा खाटकाचा शिक्का आहे, असं ते म्हणायचे. मी राहायला आल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी हे काम हाती घेतलं. पहिला फोटो घेतला तो स्वतःच्या दाराचा. चौकट सरळ केली, पिवळेपणा काढला, आणि शेजारच्या कोऱ्या भिंतीचा तुकडा उचलून त्या लाल नंबरावर चांगला ऐसपैस बसवला. मग बटण दाबलं. सुरुवातीचे काही फोटो तपासले, उत्तम होते. मग बाल्कनी, ऊन, शेंगा.

सगळ्यांना फोटो देण्यासाठी ब्लॉकवाल्यांचा मेळावा भरला तो आर. के. पुरममधल्या एका बागेत. कढी-चावल होतं, गाजराचा हलवा होता. काकूंबरोबर मीही गेले होते. काका एकेकाला नाव घेऊन बोलावत होते आणि हातात पाकीट देत होते. लोक फोटो काढून एकमेकांना दाखवत होते, माझं दार बघ, तुझं दार बघ. सगळी दारं सारखीच होती, तरी ज्याला त्याला आपलं दार वेगळं वाटत होतं. काकांना मी एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या कानपूरच्या एक भाभीजी होत्या. त्यांनी पाकीट उघडलं, फोटो बराच वेळ पाहिला, परत आत ठेवला. मग काकांजवळ येऊन अगदी हळू म्हणाल्या, "भाईसाहब, दीवार बहुत साफ़ आई है."

काकांनी ते कौतुक समजून हसायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी भाभीजींच्या हातातून पाकीट घेतलं, फोटो पाहिला आणि होते तिथे गवतावर बसले.

काय झालं ते मला काकूंनी सांगितलं. भाभीजींच्या मुलीचं लग्न त्याच क्वार्टरमधून झालं होतं. त्यांच्याकडे पद्धत अशी की सासरी निघताना मुलगी हळदीत हात बुडवून माहेरच्या दाराशेजारी भिंतीवर उमटवते. तिनेही दोन पंजे उमटवले होते. पुढच्याच वर्षी बाळंतपणात ती गेली. तेव्हापासून सरकारी रंगारी चुना द्यायला आला की भाभीजी दाराशी उभ्या राहायच्या. तेवढा चौकोन त्यांनी कधीही रंगवू दिला नाही. दर खेपेला भांडण व्हायचं, अख्खा जिना ऐकायचा. पाडकामवाले लाल नंबर घालायला आले तेव्हाही त्यांनी तो भिंतीवर घालू दिला नाही, दाराच्या फळीवर घाला म्हणाल्या. भिंत गेली, पण काकांनी फोटो काढलाय, ह्या भरवशावर त्या तिथून निघाल्या होत्या. आणि काकांच्या आंघोळीने, दुसऱ्या कुणाच्या नंबरावर बसवायचा तो कोरा तुकडा नेमका त्या दोन हातांवर बसवला होता. सगळे रंगारी मिळून जे करू शकले नव्हते ते एका बटणाने झालं होतं.

घरी आल्यावर काका चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. डिस्क नव्हती. त्यांनी डबा ओट्यावर उपडा केला. सगळीकडे तांदूळ झाला आणि डिस्क नव्हती. मी काकांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. ओट्याला धरून उभे होते.

काकू मागून आल्या, आधी तांदळाकडे बघितलं, मग काकांकडे. "तांदळात किडे झाले होते. साबुदाण्यात ठेवलीय," म्हणाल्या.

मूळ फोटो शाबूत होता. पिवळा, वाकडा, आणि डाव्या बाजूला दोन लहानसे पंजे. काकांनी त्याला काहीही केलं नाही. चौकटसुद्धा सरळ केली नाही. दुसऱ्या दिवशी तो छापून घेतला आणि आम्ही फरीदाबादला भाभीजींकडे गेलो. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला आणि दोन्ही तळवे त्या पंजांवर ठेवून बसल्या. फोटोतले पंजे नखाएवढे होते. मला तिथे बसवेना, पण उठताही येईना. काकांनी विचारलं, अजून काही तर नाही ना साफ झालं माझ्याकडून. भाभीजींनी नकारार्थी मान हलवली आणि म्हणाल्या, "बाकियों से भी पूछ लीजिए."

दुसऱ्या कुणी माफी मागून विषय संपवला असता. काकांनी लॅपटॉप पाठीवर टाकला आणि विचारत सुटले. तो सगळा हिवाळा आणि पुढचा थोडा उन्हाळा ते एकेका घरी जात होते. नोएडा, गाझियाबाद, रोहिणी. शनिवार-रविवार मी बरोबर असायचे. चहा व्हायचा, मग काका मूळ फोटो उघडायचे आणि सरकारी सुरात विचारायचे, ह्यातलं काय पुसायचं? आणि लोक पुसायचं सांगायचे थोडं, ठेवायचं सांगायचे फार. केरळच्या एका घरात दाराच्या कडेला खोचलेला वाळक्या झावळीचा क्रूस होता. त्याचं अर्धं टोक आंघोळीत गेलं होतं. एका घरात पोलिओ डोसवाल्यांची खडूची खूण होती आणि ती ज्याच्यासाठी केली तो आता सहा फुटी मुलगा स्वतःच म्हणाला की अंकल, हे राहू द्या. एका सरदारजींनी तर तो लाल नंबरच ठेवायला सांगितला. काकांनी तिथे थोडा वाद घातला, खाटकाचा शिक्का वगैरे. सरदारजी म्हणाले, असेल, पण ते आमच्या घरावर लिहिलेलं शेवटचं आहे. काकांनी नंबर ठेवला.

प्रत्येक फोटो त्यांनी हाताने केला. एक झाला की दुसरा, पहिल्यापासून, तेच सरळ करणं, तेच उजळणं, आणि भिंतीजवळ आलं की थांबणं. बाल्कनीतली खुर्ची रिकामी असायची. एकदा काकू शेंगा घेऊन आत गेल्या आणि विचारलं, "मग काय ठरलं? पुजारी की दुसरं?"

"बघू अजून," काका म्हणाले आणि मान वर केली नाही.

त्यांच्याविषयी मला तेव्हा जे वाटलं ते सरळच सांगते. चूक झाल्यावर वाईट वाटून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यात मीही आले. पण स्वतःचं तत्त्वज्ञान मोडून, तक्रार न करता, ज्यांनी तक्रार केलीही नव्हती त्यांच्या दारात जाऊन विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आणि तो पायात दोन करडे मोजे घालून मेट्रोत माझ्या शेजारी डुलक्या काढत असे.

स्वतःचं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं. एका रविवारी दुपारी काकू मेथी निवडत बसल्या होत्या. काकांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि इतर सगळ्यांना विचारलं होतं त्याच सुरात विचारलं, "ह्यातलं काय पुसायचं?"

काकूंनी चष्मा लावला. लाल नंबर पुसा म्हणाल्या.

"अच्छा. आणि त्याच्याखाली तो डाग आहे तो?"

"तो डाग नाही हो," काकू म्हणाल्या. "तो माझा हात आहे."

काकांना कळलं नाही, मलाही नाही. काकूंनी मेथी बाजूला सारली, उठल्या, दाराबाहेर जाऊन वळल्या. त्यांचा उजवा गुडघा लग्नाआधीपासूनच अधू होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनी डावा हात भिंतीवर टेकला, तोल सांभाळला आणि चपलेत पाय घातला. मग चप्पल काढून परत येऊन मेथी निवडायला बसल्या. त्या एका टेकण्यात सगळं होतं. भाजीला जाताना, दुधाला जाताना, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाताना, दिवसातून जितक्यांदा उंबरा ओलांडला तितक्यांदा तो हात त्याच जागी टेकला होता. तेलाचा, पिठाचा, घामाचा. आधी क्वार्टरच्या भिंतीवर आणि मग इथल्या.

काका दाराबाहेर जाऊन भिंतीकडे पाहत राहिले. तो रविवार होता, त्यामुळे भिंत सकाळीच पुसून झाली होती आणि स्वच्छ होती.

"सांगायचं नाही का कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही इतके मन लावून पुसत होता," काकू म्हणाल्या. "वाटलं, यांचं हे एक तरी काम हातचं आहे. राहू दे."

पुढच्या वर्षी मी बदली घेऊन पुण्याला परत आले. मध्ये एकदा ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला गेले तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आले. चहा त्याच बरणीतला, काकूंचा गुडघा जास्त दुखणारा, काकांचे मोजे अजून न संपलेले. घराला नुकताच रंग दिला होता, फिकट पिवळा. निघताना दाराशी आले तर डाव्या हाताच्या भिंतीवर एक चौकोन जुन्याच रंगाचा ठेवलेला होता. त्यात मधोमध, चांगला गडद झालेला, हाताच्या पंजाएवढा डाग. रंगाऱ्याशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

सँडलचा पट्टा लावायला मी एका पायावर उभी राहिले आणि तोल जाऊ नये म्हणून माझा हात आपसूक भिंतीकडे गेला.

"तिथे नको," काका घाईने म्हणाले. "जरा खाली टेक. ती जागा तिची आहे."

मी हात खाली घेतला.